अक्कांनी एफ-टेन दाबलं होतं

धम्मपाल सरवदे हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. धाराशिवला स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं एका शटरचं दुकान होतं, पण दुकानात तो क्वचितच सापडायचा. पाठीला सॅक, सॅकमध्ये पेचकस, वायरी आणि एक जुना लॅपटॉप, असा तो मोटरसायकलवर तुळजापूर, नळदुर्ग, लोहारा करत फिरायचा. मूळ गाव माकणी. वडील, गुलाब सरवदे, कालव्यावर चौकीदार होते. ते गेले तेव्हा धम्मपाल आयटीआयला होता. त्यानंतर आई मुक्ताबाईंना घेऊन तो धाराशिवलाच राहिला.

माणूस बोलायला गोड आणि हाताचा हलका. बंद पडलेलं मशीन त्याच्यापुढं ठेवलं की ते संध्याकाळपर्यंत चालू व्हायचंच. पतसंस्था, शाळा, दवाखाने, सगळीकडं लोक म्हणायचे, "सरवदेनं बघितलं ना? मग झालं." हे वाक्य त्याला फार आवडायचं. इतकं, की "मला कळत नाही" हे शब्द त्याच्या तोंडातून निघेनासे झाले होते, आणि ते त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नव्हतं.

नळदुर्गला हायवेच्या कडेला एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथं केस पेपरच्या खिडकीत शिवलीला अक्का बसायच्या. पंचावन्नच्या आसपासच्या, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, डोळ्यांवर जाड काडीचा चष्मा. दवाखाना निघाल्यापासून खिडकी त्यांचीच. आलेल्या माणसाशी मराठीत बोलायच्या, अक्कलकोट-आळंदच्या बाजूचा कुणी आला की तेवढ्याच सहज कानडीत. नाव लिहून घ्यायच्या, नंबरचा बिल्ला हातात द्यायच्या, आणि तिकडं नाव आत डॉक्टरांच्या पडद्यावर उमटायचं. डॉक्टर त्या क्रमानं माणसं बोलवायचे.

हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालायचं तो सोलापूरच्या कुणा इंजिनिअरनं फार पूर्वी लिहून दिलेला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा संबंध नाही. सगळा कारभार कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या एफच्या बटणांवर. एफ-टू दाबलं की नवीन पेशंट, एफ-फाइव्ह दाबलं की जुन्याचा शोध, आणि सगळ्यांत महत्त्वाचं एफ-टेन, म्हणजे नोंद पक्की. अक्का ही बटणं न बघता दाबायच्या. डोळे समोरच्या माणसाकडं, तोंडानं "बसा हं काका, पंख्याखाली बसा," आणि बोट बरोबर एफ-टेनवर.

जुनी मशीनं एकामागून एक बंद पडली तेव्हा मल्लिनाथ डॉक्टरांनी धम्मपालला बोलावलं. दवाखान्याचा सगळा कारभार तेच बघायचे. धम्मपालनं नवीन मशीनं आणली, त्यांवर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकली, तो काळा प्रोग्राम आतल्या एका मुख्य मशीनवर ठेवला आणि बाकीच्या मशीनांवर तो टर्मिनलच्या, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या, खिडकीत उघडून दिला. पहिल्याच दिवशी अक्कांची हाक आली.

"आरं धम्मपाल, एफ-टेन दाबलं की ही वर भलतीच पाटी उघडायली बघ."

खरंच, एफ-टेन दाबलं की टर्मिनलच्या खिडकीचाच मेनू खाली उतरत होता. बटण प्रोग्रामपर्यंत पोचतच नव्हतं, खिडकी ते मधेच खाऊन टाकत होती. एफ-वनचंही तसंच, मदतीचं पान उघडायचं. धम्मपालनं टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बटणांपुढच्या टिकच्या खुणा काढून टाकल्या. एफ-टेन पुन्हा नोंद करू लागलं.

"झालं अक्का. आता बटण तुमचं."

"शाबास रे," म्हणत अक्कांनी डबा उघडून त्याच्यापुढं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. तेव्हापासून तो दवाखान्यात आला की अक्कांबरोबर चहा ठरलेला. अक्का त्याला घरातलं सगळं सांगायच्या. मुलगा सोमेश, सून शिवप्रिया, नुकतीच शाळेत जायला लागलेली नात. एकदा आपल्या आईचंही सांगितलं. आई शेवटी शेवटी सगळं विसरली. आधी वस्तू, मग नावं, मग मराठी. नुसती कानडी उरली. एके दिवशी अक्का तिला भरवत होत्या, तर आई तोंड वळवून म्हणाली, "नी यारव्वा?" तू कोण गं बाई?

"त्या दिवशी लई रडले मी," अक्का म्हणाल्या. "मरणाचं भ्या न्हाय रे मला. ह्याचं वाटतं."

पुढं डॉक्टरांनी केस पेपरची खिडकी आतून काढून व्हरांड्यात हलवली. गर्दी बाहेरच्या बाहेर राहावी म्हणून. मशीन तिथं मांडायचं तर आतल्या मुख्य मशीनपासून नेटवर्कची केबल जाड दगडी भिंतीतून न्यायला हवी होती. धम्मपालकडं तेवढा लांब ड्रिल नव्हता, ऊन तापलं होतं आणि लोहाऱ्याहून दोनदा फोन येऊन गेला होता. त्यानं मशीनला बोटभर वायफायचं यंत्र खोचलं. प्रोग्राम उघडला, एफ-टेन दाबून बघितलं, नोंद झाली. "सध्या ह्याच्यावर चालू द्या, पुढच्या आठवड्यात केबल ओढतो," म्हणाला आणि गाडीला किक मारली. पुढच्या आठवड्यात दुसरीच कामं निघाली. चालतंय तर राहू दे, असं करत करत केबल राहूनच गेली.

आणि मग नावं हरवायला लागली.

आधी एखादंच. माणूस बिल्ला घेऊन बसलेला असायचा, त्याच्यानंतर आलेले आत जाऊन यायचे, आणि त्याचं नाव डॉक्टरांच्या पडद्यावर नसायचंच. तो खिडकीशी येऊन भांडायचा. अक्का गोंधळायच्या.

"मी टाकलं होतं की ओ. तुमच्यासमोरच टाकलं."

"मग गेलं कुठं?"

अक्का मुकाट्यानं नाव पुन्हा टाकायच्या.

डॉक्टरांनी धम्मपालला बघायला सांगितलं. तो आला तो दुपारी, दवाखाना ओस पडल्यावर. कारण सकाळच्या गर्दीत मशीनला हात लावायची सोय नसायची. त्यानं खोटी नावं टाकून एफ-टेन दाबून बघितलं, परत परत बघितलं. प्रत्येक वेळी खाली बारीक अक्षरात "नोंद झाली" अशी ओळ चमकून जायची. सेटिंग बघितलं, आपण काढलेली खूण काढलेलीच होती. एफ-टेनचा प्रश्न तर आपण कधीच सोडवलाय, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. त्यामुळं त्या बटणावर त्यानं पुन्हा संशयच घेतला नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी बिराप्पा आला. शेजारच्या वाडीचा म्हातारा मेंढपाळ, साखरेचा जुना रोगी. रक्त तपासायचं म्हणून उपाशीपोटी आला होता. बिल्ला मुठीत धरून सकाळपासून बाकड्यावर बसला. भांडणारा माणूस नव्हता तो. आपला नंबर येईल तेव्हा येईल, म्हणून बसून राहिला. दुपार व्हायला आली तेव्हा बसल्या जागेवरून कलंडला आणि फरशीवर पडला. डॉक्टर धावले, सलाइन लावलं, थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं डोळे उघडले. नाव त्याचं पडद्यावर नव्हतंच.

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या.

डॉक्टरांनी धम्मपालला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. "हे बघा, आज निभावलं. रोज निभावणार नाही. मला खरं सांगा, तुमच्या सिस्टीमचा दोष आहे का?"

इथं धम्मपालला म्हणता आलं असतं की, सर, मला माहीत नाही, मला गर्दीच्या वेळेला बघू द्या. तो म्हणाला, "सिस्टीममध्ये काही नाही सर. सगळं तपासलंय मी."

"मग?"

"अक्का हल्ली विसरतात थोडं. वय झालं ना."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनाही तेच वाटत असावं. धम्मपाल बाहेर आला तेव्हा त्याला हलकं वाटलं, हे त्याला पुढं फार दिवस आठवत राहिलं. चक्क हलकं वाटलं होतं.

अक्कांनी त्याला चहाला थांबवलं. ग्लास हातात तसाच धरून म्हणाल्या, "धम्मपाल, तू माझ्या लेकासारखा. खरं सांग. मशीनचं कायतरी असंल का रे?"

"न्हाय अक्का. मशीन विसरत नसतं." आणि मग, खूप काळजीनं, अगदी आपलेपणानं तो पुढं बोलला, "तुमच्या आईंचं पण असंच सुरू झालं होतं म्हणाला होतात ना? एकदा सोलापूरला दाखवून घ्या. वेळेवर कळलेलं बरं."

अक्कांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "व्हय. मला पण तेच वाटायलंय."

त्या महिन्याच्या शेवटी अक्कांनी स्वतःहून काम सोडलं. दवाखान्यानं शाल दिली, नारळ दिला, डॉक्टर चार शब्द बोलले. धम्मपाल मागं उभा राहून टाळ्या वाजवत होता.

अक्कांच्या जागी आरोही आली. तुळजापूरहून शिकून आलेली, चटपटीत, कीबोर्डवर बोटं पाण्यासारखी फिरणारी. आणि नावं हरवायची थांबली नाहीत. पण आता दवाखान्यात कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. "नवीन पोरगी आहे, शिकेल," असं डॉक्टर म्हणाले. प्रिंटरच्या कामाला आलेल्या धम्मपालनं ते ऐकलं आणि त्याला आत कुठंतरी कुसळ टोचावं तसं झालं. अक्का जुन्या म्हणून विसरल्या, ही नवीन म्हणून चुकते. मग बरोबर काम करायचं तरी कुठल्या वयात?

आरोही मात्र अक्कांसारखी गोंधळणारी नव्हती. ती सरळ म्हणाली, "सर, मी एफ-टेन दाबते. मला पक्कं आठवतंय. कधीकधी खाली 'नोंद झाली' येतच नाही, डायरेक्ट कोरा फॉर्म येतो. तुम्ही बसून बघा ना एकदा गर्दीत."

बाजारच्या दिवशी धम्मपाल खिडकीत बसला. माणसांची रांग व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून अंगणात गेली होती. तो नाव विचारायचा, टाकायचा, एफ-टेन दाबायचा. बराच वेळ सुरळीत गेलं. मग एका बाईचं नाव टाकलं, एफ-टेन दाबलं, फॉर्म कोरा झाला. खाली ओळ नव्हती. त्यानं एफ-फाइव्ह दाबून ते नाव शोधलं.

नव्हतं.

बोट त्याचं होतं. बटण त्यानंच दाबलं होतं.

त्यानं आरोहीला दुसऱ्या मशीनवर नोंदी घ्यायला बसवलं आणि स्वतः खोदायला लागला. टर्मिनलची दुसरी खिडकी उघडून, एफ-टेन दाबल्यावर खरं काय जातं ते त्यानं पडद्यावर उमटवून बघितलं. ते एक अक्षर नसतं. पाच अक्षरं एकामागोमाग निघतात. सगळ्यांत पुढं एस्केप, मग एक कंस, मग दोनचा आकडा, एकचा आकडा, आणि शेवटी एक नागमोडी रेघ. पाचही एकदम पोचली की प्रोग्राम समजतो, हे एफ-टेन. पण एस्केप हे स्वतः एक बटणही आहे, आणि ह्या प्रोग्राममध्ये त्याचा अर्थ "रद्द करा". म्हणून एस्केप आलं की प्रोग्राम पापणी लवण्याइतका थांबून बघतो, मागून आणखी कुणी येतंय का. केबलवर पाचही अक्षरं हातात हात घालून यायची. वायफायवर, सकाळच्या गर्दीत, एक्सरेच्या खोलीतून त्याच वाटेनं मोठमोठे फोटो जायला लागले की वाट तुंबायची. सगळ्यांत पुढचं एस्केप पोचायचं आणि मागचे चौघे वाटेतच राहायचे. प्रोग्राम समजायचा, माणसानं रद्द केलं. नोंद फेकून द्यायचा आणि नवा कोरा फॉर्म पुढं करायचा. नोंद झाल्यावर येतो तसाच, हुबेहूब. मागून येणारी चार अक्षरं बीप करून गप्प व्हायची, आणि मशीनचा आवाज तर धम्मपालनंच बंद करून ठेवला होता, अक्कांना त्रास नको म्हणून.

दुपारी दवाखाना ओस पडला की एक्सरेही थांबायचा. म्हणून त्याला कधी काही सापडलं नव्हतं.

त्याच दिवशी तो सोलापूरला जाऊन लांब ड्रिल घेऊन आला. भिंतीला भोक पाडलं, दगडाचा भुगा डोळ्यात गेला, पुसत पुसत केबल ओढली. प्रोग्रामची थांबायची वेळही थोडी वाढवून ठेवली. डॉक्टर येऊन बघून गेले. "झालं का?"

"झालं सर."

"तुम्ही आहात म्हणून चाललंय आमचं," म्हणत डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. धम्मपालनं ती घेतली. काय झालं होतं ते डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

घरी आला तेव्हा मुक्ताबाई घरभर चष्मा शोधत होत्या. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. त्यानं दाखवून दिला तशा त्या स्वतःच हसायला लागल्या.

"आई, तू लई विसरायलीस."

"म्हातारं झालं की इसरतंच माणूस. त्यो काय रोग हाय व्हय?"

आपल्या आईला आपण कधी म्हणालो का, सोलापूरला दाखवून घे? धम्मपाल तसाच उंबऱ्यात बसला. मग त्यानं आईला सगळं सांगितलं. बटणाचं, केबलचं, टाळलेल्या कामाचं, आणि चहा पिताना बोललेल्या त्या वाक्याचं. मुक्ताबाईंना बटणाचं काही कळलं नाही. वाक्याचं कळलं.

"मग त्या बाईला सांगितलंस का?"

"न्हाय."

"मग मला कशाला सांगायलास?" एवढंच बोलून त्या चुलीकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी तो अक्कांच्या घरी गेला. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत घर. दार शिवप्रियानं उघडलं. अक्का ओसरीवर बसून तुरी निवडत होत्या. वाळल्या होत्या. त्याला बघून मात्र तोंड फुललं.

"ये रे. बस. प्रिया, धम्मपाल आलाय बघ, चहा टाक."

पूर्वी त्या स्वतः उठल्या असत्या. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण अक्का स्वतःच सांगायला लागल्या. "गॅसला हात लावत न्हाय आता मी. चालू राहिला तर? घरात लहान लेकरू हाय." नातीला शाळेत सोडायचं कामही त्यांनी सुनेला देऊन टाकलं होतं. "लेकरू हातात असताना रस्ता चुकले तर काय करू?" सोलापूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सध्या तरी काही दिसत नाही म्हणून सांगितलं होतं. "सध्या तरी म्हणाले. म्हणजे पुढं हायच." रोज पहाटे अंघोळ झाली की त्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं बाकावरच्या क्रमानं म्हणून बघायच्या. एखादं अडलं की तो दिवस जेवण जायचं नाही.

धम्मपालच्या हातातला चहा निवला. आता बोलावं, आता बोलावं, असं करत तो बसला. तेवढ्यात अक्काच म्हणाल्या, "तुझे उपकार हायेत बघ. बाकी सगळे मागं कुजबुजत होते. तू एकटा तोंडावर बोललास."

धम्मपालनं चहा एका घोटात संपवला, काम आहे म्हणाला आणि उठला. गाडी चालू करताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की हायवेला लागल्यावर एका ढाब्यापाशी थांबून त्यानं तोंडावर पाणी मारलं. पाणी मारून काही फरक पडला नाही. चूक मशीन लावताना झाली होती, ती होऊ शकते. आजची चूक नव्हती. आज त्याला सगळं माहीत होतं आणि तो आभार घेऊन आला होता.

त्यानं ठरवलं, आधी डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे आपल्याला मागं फिरायला वाट राहणार नाही. सकाळी केबिनमध्ये उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "आता बाई घरी बसल्या. तब्येतीनंही थकल्यात. हे उकरून काय मिळणार धम्मपाल?"

"त्या थकल्या नाहीत सर. त्यांना आपण थकवलंय. मी थकवलंय."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मीही दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. तुमच्या एका शब्दावर गेलो. सांगा त्यांना. माझ्या वतीनंही सांगा. नाही, थांबा. माझं मी सांगेन."

तिथून धम्मपाल सरळ अक्कांच्या घरी गेला, पण ह्या वेळी ओसरीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "अक्का, तुम्ही काही विसरला नव्हता. तुम्ही एफ-टेन दाबलं होतं. प्रत्येक वेळी दाबलं होतं. दोष माझ्या कामात होता."

अक्कांनी वर बघितलं. "परत सांग."

त्यानं परत सांगितलं. एस्केपचं, मागं राहिलेल्या अक्षरांचं, न ओढलेल्या केबलचं. आरोहीच्या हातूनही नावं गेली, आपल्या हातूनही गेलं, तेही सांगितलं. शिवप्रिया दारात येऊन उभी राहिली होती. अक्कांचा तुरीवर फिरणारा हात थांबला होता.

"कधी कळलं तुला?"

"काल आलो होतो त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे काल तू इथं बसलास, तवा तुला माहीत होतं?"

"होतं."

अक्कांनी सूप बाजूला सारलं. आवाज चढला नाही त्यांचा. "माझ्या आईचं नाव घेतलंत तुम्ही. मी विश्वासानं सांगितलेलं. तेच काढून माझ्यापुढं ठेवलंत. रोज पहाटे उठून मी माझंच डोकं चाचपत बसायले, तुम्हाला ठाव हाय का?"

तुम्ही. धम्मपालला ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. लेकराला "अरे-तुरे" करणारी बाई, आणि आता हे "तुम्ही".

"माझं चुकलं अक्का."

"चुकलं ते चुकलं." त्या उठल्या. चष्मा नीट केला. "मला डोळ्यांनी बघायचंय. तुम्ही सांगितलं म्हणून एकदा विश्वास ठेवलाय, आता तसा ठेवायची न्हाय."

बाजारच्या दिवशी अक्का दवाखान्यात आल्या. धम्मपालनं खिडकीतल्या मशीनची केबल काढली, ते वायफायचं यंत्र पुन्हा खोचलं, थांबायची वेळ पहिल्यासारखी केली. अक्का खुर्चीत बसल्या. रांगेतली नावं आरोही दुसऱ्या मशीनवर घेत होती, तीच अक्का इथं टाकत होत्या. बोटं जरा अडखळली, मग सरावली. नाव, एफ-टेन. नाव, एफ-टेन. एक्सरेच्या खोलीचा दिवा लागला. आणखी काही नावं गेली, आणि मग एकदा फॉर्म कोरा झाला आणि खाली काहीच उमटलं नाही. धम्मपालनं मशीनचा आवाज मोठा करून ठेवला होता. कोऱ्या फॉर्मावर मशीन बीपबीप करून ओरडलं.

अक्का पडद्याकडं बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून त्या रडल्या. मल्लिनाथ डॉक्टर पेशंट सोडून बाहेर आले होते. त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "अक्का, आमच्याकडून अन्याय झाला." अक्कांनी नुसती मान हलवली.

अक्का पुन्हा खिडकीत यायला लागल्या, सकाळच्या वेळेपुरत्या. दुपारनंतर आरोही बसते. नातीला शाळेत सोडून, तिथूनच त्या दवाखान्यात येतात, असं शिवप्रियानं धम्मपालला एकदा वाटेत भेटल्यावर सांगितलं. बोलताना ती हसली. अक्का मात्र त्याच्याशी हसून बोलत नाहीत. टाकूनही बोलत नाहीत. "सरवदे, प्रिंटरची शाई बघा," "सरवदे, हे बटण अडकायलंय," एवढंच. चहा येतो, त्यालाही मिळतो. डबा त्याच्यापुढं उघडत नाही.

धम्मपालनं बिराप्पाच्या वाडीलाही एकदा चक्कर मारली. म्हातारा मेंढरं घेऊन रानात गेला होता, भेटला नाही. त्याच्या सुनेला काय सांगावं ते धम्मपालला सुचलं नाही. सहज आलो होतो, तब्येत विचारायला, म्हणाला आणि पाणी पिऊन परत आला.

आता कुठंही मशीन बसवलं की तो गर्दीच्या वेळेला जाऊन बसतो. कुणी म्हणालं, आमची बाई चुकते हो, की तो म्हणतो, "मला अजून माहीत नाही. बघू द्या." लोकांना वाटतं, सरवदे पहिल्यासारखा तरबेज राहिला नाही. धंदा थोडा कमी झालाय. त्याचं त्याला काही वाटत नाही, असं म्हणता येणार नाही, पण त्यानं झोप जात नाही.

झोप जाते ती दुसऱ्याच गोष्टीनं. परवा बाजारच्या दिवशी तो स्कॅनर जोडायला गेला होता. खिडकीत अक्का होत्या. समोर एक म्हातारी नाव सांगत होती, अक्का टाकत होत्या. एफ-टेन दाबलं. आणि मग त्यांनी चष्मा सावरला, पडद्याला नाक लागेल इतक्या वाकल्या आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून ती वाचली. ओठ हलले. मग एफ-फाइव्ह दाबून ते नाव शोधलं, सापडलं, तेव्हा कुठं बिल्ला म्हातारीच्या हातात दिला. पुढच्याला तसंच. त्याच्या पुढच्याला तसंच. रांग अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली होती आणि माणसं कुरकुरत होती.

"अक्का, आता केबल आहे. नोंद होतेच," तो जवळ जाऊन हळूच म्हणाला.

"व्हय. ठाव हाय मला," अक्का म्हणाल्या, आणि पुढच्या नावावर बोट ठेवून पुन्हा वाकल्या.

धम्मपालनं सॅक खाली ठेवली. फाटकाशी जाऊन, उन्हात उभ्या असलेल्या शेवटच्या म्हाताऱ्यांना त्यानं आत सावलीत आणून बसवलं, पाण्याची कळशी आणून त्यांच्यापुढं ठेवली, आणि रांग सरेपर्यंत तिथंच थांबला.